मेमरी स्कॅन लांबला: वॉचडॉगला गप्प करायचं की प्रोसेसर सोडायचा?

रत्नागिरीतल्या आमच्या टेस्ट सर्व्हरवर केमेमलीक (कर्नेलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातली, मेमरीगळती स्कॅन करून शोधणारं साधन) चालू केलं, की लॉगमध्ये 'सॉफ्ट लॉकअप' (प्रोसेसर अडकल्याची तक्रार) ठरलेला. लिनक्समध्ये वॉचडॉगची (प्रोसेसर अडकलाय का यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेची) मूळ मर्यादा 10 सेकंद. त्याच्या दुप्पट, म्हणजे साधारण 20 सेकंद, प्रोसेसर कर्नेलमध्येच अडकला की बोंब होते. लाखो ऑब्जेक्ट्सची (मेमरीच्या वाटलेल्या तुकड्यांच्या नोंदींची) यादी एका दमात चाळली, तर दुसरं काय होणार?

पहिला उपाय: यादी चाळणाऱ्या लूपमध्ये अधूनमधून वॉचडॉगला 'टच' करणं, म्हणजे 'सगळं ठीक आहे' असं कळवणं. एका ओळीचं काम. पण बाकीचे टास्क ताटकळतातच, फक्त तक्रार बंद. सगळ्या टास्कची माहिती संथ सिरियल कन्सोलवर छापताना ठीक, एरवी मला ही पळवाटच वाटते.

दुसरा: कॉन्ड-रीशेड, म्हणजे दुसऱ्या टास्कला वाट देणारी कर्नेलमधली हाक. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर मालगाडी स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घेऊन एक्स्प्रेसला वाट देतात, तसं. गरज असेल तरच प्रोसेसर सुटतो. (पूर्ण प्रीएम्प्शनच्या, म्हणजे चालू काम कर्नेल स्वतःच मध्ये थांबवू शकतो अशा, कर्नेलात ही हाक नुसती नावाला.)

मात्र खरी मेख इथेच आहे. स्पिनलॉक (ज्यासाठी इतर प्रोसेसर फिरत वाट पाहतात ते कुलूप) हातात असताना किंवा आरसीयूच्या (कुलूप न लावता यादी वाचू देणाऱ्या पद्धतीच्या) वाचन-विभागात झोपता, म्हणजे प्रोसेसर सोडून थांबता, येत नाही. म्हणून आधी चालू ऑब्जेक्टचा रेफरन्स (वापरणाऱ्यांची मोजणी) वाढवून तो धरून ठेवायचा, आरसीयू सोडायचं, वाट द्यायची, परत आरसीयू घ्यायचं. मधल्या काळात तोच ऑब्जेक्ट यादीतून निघाला, तर त्याच्या 'पुढचा' पॉइंटरवर भरवसा ठेवायचा नाही. ती तपासणी हवीच. शिवाय हे प्रत्येक ऑब्जेक्टला नको, काही हजारांमागे एकदा पुरे. लांब स्कॅनला मी डोळे झाकून हाच मार्ग घेईन.