साइट साफ केल्याचं बिल भरलं, घाण तशीच राहिली

वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या साइटवर जुगाराच्या जाहिरातींची पानं उगवतात. 'साफ करून देतो' म्हणणारा पैसे घेतो, सर्व्हरवरची एक अनोळखी पीएचपी फाइल (वर्डप्रेसच्या कोडभाषेतली) उडवून दाखवतो. पंधरा दिवसांत तीच फाइल परत येते आणि नवं बिलही. छोटे दुकानदार, शाळा, ट्रस्ट यात सारखे लुटले जातात. फाइल तयार करणारा कोड बहुतेकदा डेटाबेसमध्ये, म्हणजे साइटचा मजकूर साठवला जातो तिथे, एखाद्या पानाच्या मजकुरात बसलेला असतो आणि तिकडे हा माणूस बघतच नाही.

वर्डप्रेस पानातला पीएचपी कोड आपणहून चालवत नाही. ते काम 'इव्हॅल पीएचपी'सारखे प्लगइन, म्हणजे वरून बसवायचे जोड-प्रोग्रॅम, करतात. हा प्लगइन दहा वर्षांहून जास्त काळ अपडेटशिवाय पडून होता, तरी वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतून बसवता येत होता. एप्रिल २०२३मध्ये सुकुरी या सुरक्षा कंपनीने त्याचा गैरवापर उघड केला. चोर ॲडमिनच्या लॉगिनने शिरतो, हा प्लगइन स्वतः बसवतो, नव्या पानात चौकटी कंसातल्या शॉर्टकोडमध्ये (प्लगइनला कामाला लावणाऱ्या खुणेत) कोड टाकतो आणि पान ड्राफ्ट ठेवतो. ते प्रकाशित करावंच लागत नाही. नुसतं सेव्ह केलं की कोड चालतो आणि साइटच्या मुख्य फोल्डरात चोरदरवाजाची फाइल लिहितो. फाइल उडवली तर चोर पुन्हा ते पान चालवतो. त्या फाइलला हुकूम कुकीतूनही (ब्राउझर सोबत पाठवतो त्या छोट्या माहितीतूनही) देता येतात, त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये साधी भेट दिसते.

म्हणून फक्त फाइल्स स्कॅन केल्याचा अहवाल घेऊन पैसे देऊ नका. आधी प्लगइनची यादी बघा. आपण न बसवलेला प्लगइन बंद करा, मगच पुढचं. क्रम उलटा केला तर तपासायला उघडलेलं पानच फाइल पुन्हा जन्माला घालू शकतं. मग पोस्ट आणि पानं या दोन्ही याद्यांत 'ड्राफ्ट' उघडा. लेखक म्हणून तुमचंच नाव दिसलं तरी विश्वास ठेवू नका. डेटाबेस बघायच्या पीएचपीमायॲडमिन या साधनात पोस्ट्सच्या तक्त्यातल्या मजकुराच्या स्तंभात 'इव्हॅलपीएचपी' हा शब्द रोमन अक्षरांत (evalphp) शोधा. सापडलेली पानं कचरापेटीतूनही काढा, मग फाइल. शेवटी अनोळखी ॲडमिन काढा, सगळे पासवर्ड बदला आणि कॉन्फिग फाइलमधल्या आठही गुप्त किल्ल्या (लॉगिन पक्कं करणाऱ्या सांकेतिक ओळी) नव्या करा. किल्ल्या बदलल्या की चोराचं चालू लॉगिन तुटतं. ही पायरी सर्रास गाळली जाते.

पानात कोड चालवण्याची सोयच मुळात घातक आहे. २०२२मध्ये 'पीएचपी एव्हरीव्हेअर' प्लगइनमध्ये सबस्क्रायबर या सर्वांत कमी अधिकारांच्या खात्यालाही शॉर्टकोडमधून कोड चालवता येत असल्याचं निघालं. तीव्रता १०पैकी ९.९. ड्रुपल या वर्डप्रेससारख्याच सॉफ्टवेअरने तर पानात कोड चालवणारं पीएचपी फिल्टर आठव्या आवृत्तीत गाभ्यातूनच काढून टाकलं.

साइटवर हिशेबाचा फॉर्म किंवा दरपत्रक करून घेताना कोड पानात नको, वेगळ्या छोट्या प्लगइनच्या फाइलमध्ये द्या असं सांगा. फाइलची जुनी प्रत ठेवता येते, कोणी हात लावला तर फरकही दिसतो. हे काम करणाऱ्याला स्वतंत्र ॲडमिन खातं द्या आणि शेवटचा हप्ता देण्याआधी ते काढून टाका.