मस्कतचा रियाल, अण्णांची डायरी आणि जुने रेट दाखवणारं ॲप

आमच्या घरात वाटण्यांचा विषय निघाला आणि त्यात सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, मध्येच एक जुनं देणं काढलं. १९९२ च्या नोव्हेंबरात गुहागरच्या घराचा स्लॅब पडायचा होता, पैसे कमी पडले, तेव्हा अण्णा ओमानात मस्कतला कामाला होते, आणि मस्कतमध्येच असलेल्या भाऊकाकांनी त्यांना ३५० रियाल (ओमानचं चलन) दिले होते. काकांनी कधी विषय काढला नाही, अण्णांनी कधी विसरला नाही. आता म्हणे, "सूनबाई, तू कॉम्प्युटरवर बसतेस ना, तेव्हा रियालचे किती रुपये होत होते ते बघ, म्हणजे काय द्यायचं ते ठरवता येईल." दोन मिनिटांचं काम वाटलं होतं, तीन आठवडे गेले, म्हणून हा रिव्ह्यू.

ॲपचं नाव लिहीत नाही कारण प्ले स्टोअरवर असली पन्नास तरी पडलीत आणि मी चार उघडून बघितली, सगळ्यांचं दुखणं एकच. फुकटात गेल्या एका वर्षाचा ग्राफ, त्याच्या मागे जायचं तर प्रो घ्या. मी घेतलं, वर्षाचे ७९९. दोन देश निवडायचे, तारीख टाकायची, त्या दिवशीचा रेट येतो, दोन तारखांमधला फरक टक्क्यात येतो, ग्राफ बोटाने ताणून मोठा करता येतो. दिसायला एकदम भारी. एकदा डाउनलोड झालं की नेट नसलं तरी चालतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ही फार मोठी गोष्ट आहे, चार-चार दिवस टॉवर झोपलेला असतो.

मी १९९२ नोव्हेंबर टाकलं, ३५० रियाल टाकले. ॲप म्हणालं २३,५६९ रुपये.

अण्णांची डायरी काढली. ही डायरी म्हणजे एलआयसीची लाल रेक्झिनची, मस्कतच्या रुवी भागातल्या कंपनीत सुतारकामाला लागल्यापासून घरी पाठवलेला प्रत्येक बँक ड्राफ्ट त्यात लिहिलाय, तारीख, रियाल, रुपये, घरून पोच आल्याची खूण. त्यात त्याच महिन्यात ३५० रियालचा ड्राफ्ट, रुपये २५,७५०. दोन हजारांहून जास्त फरक, आणि तोही उलट्या बाजूने! एक्स्चेंजवाला आपला कट काढून ॲपपेक्षा कमी देईल हे समजू शकते, पण जास्त कसे देईल? नवरा म्हणाला अण्णांनी लिहिताना चूक केली असेल. अण्णांनी चष्मा काढून त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून अंगणात गेला. ज्या माणसाने १९८७ ला घेतलेल्या छत्रीची किंमत लिहून ठेवलीय तो ड्राफ्टची रक्कम चुकवेल?

कोडं सोडवलं शेजारच्या रिटायर्ड बँकवाल्या काकांनी. ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "अगो, तेव्हा दोन भाव होते." मार्च १९९२ पासून सरकारने बाहेरून येणाऱ्या पैशाला अशी पद्धत लावली होती की ४० टक्के सरकारी ठरलेल्या भावाने आणि ६० टक्के बाजारभावाने. सरकारी भाव डॉलरला २६ च्या आसपास, बाजारातला ३० च्या आसपास. दोन्हीची ४०-६० च्या हिशेबाने सरासरी काढली आणि रियालवर आणली (एक रियाल म्हणजे साधारण २.६ डॉलर) तर अण्णांचा आकडा जवळपास बसतो. ॲप फक्त सरकारी भाव दाखवतंय, आणि दुसरा भाव होता याचा एका शब्दाने उल्लेख नाही. पुढे १ मार्च १९९३ ला दोन्ही भाव एक झाले, म्हणून ॲपच्या ग्राफवर त्या ठिकाणी सरळ भिंत उभी राहिल्यासारखी रेघ दिसते, बघणाऱ्याला वाटेल त्या दिवशी रुपया कोसळला की काय. कोसळलं काहीच नव्हतं, सरकारी रेघ बाजाराच्या रेघेला जाऊन मिळाली एवढंच. वर्ल्ड बँकेच्या वर्षाच्या सरासरीतही हीच उडी आहे, १९९२ ला डॉलर २५.९२ आणि १९९३ ला ३०.४९.

खरं कोसळणं बघायचं असेल तर जुलै १९९१ बघा. १ आणि ३ तारखेला दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं, डॉलर २१ वरून २५-२६ वर गेला. अण्णांच्या डायरीत त्या आठवड्यात फक्त एक वाक्य आहे, "ड्राफ्ट थांबवला, परवा जास्त मिळतील असे सगळे म्हणतात." आणि मिळालेही.

मग मला चस्काच लागला, एकेक पान ॲपशी ताडून बघत बसले. दुसरी गडबड सापडली १९८५ ला. डायरीत डिसेंबर १९८५ चा रियाल ३४ रुपये ९० पैसे, ॲपमध्ये ३२ सुद्धा नाही. आता इथे मात्र मला स्वतःलाच शोधावं लागलं. ओमानचा रियाल डॉलरला बांधलेला आहे हे आखाताकडच्या सगळ्यांना माहीत असतं, एक रियाल म्हणजे २.६००८ डॉलर. पण हा आकडा जानेवारी १९८६ पासूनचा. त्याच्या आधी रियाल जास्त जड होता, साधारण २.८९५ डॉलर, मग तेलाच्या पडझडीत ओमानने तो दहा टक्क्यांनी उतरवला. ॲप काय करतं, त्या काळचा डॉलर घेतं आणि आजच्या २.६००८ ने गुणतं! म्हणजे हा इतिहास कोणी नोंदवलेला नाहीच, मागे बसून गुणाकार करून तयार केलेला आहे. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "हो तर, त्या महिन्यात कॅम्पात सगळ्यांची तोंडं पडली होती."

आणि इथेच माझे ७९९ रुपये मला टोचायला लागले. कारण रियालचा ग्राफ वेगळा असतच नाही, तो डॉलरचाच ग्राफ आहे, २.६ पट मोठा केलेला. दुबईवाल्यांचंही तेच, डॉलरला ३.६७२५ दिरहम, १९९७ पासून हलला नाही. सौदीचा रियाल ३.७५ वर १९८६ पासून. बहरीन, कतार, सगळे बांधलेले. फक्त कुवेतचा दिनार निराळा, तो मे २००७ पासून परत अनेक चलनांच्या टोपलीला बांधला, त्यामुळे तो थोडा स्वतःच्या मनाने चालतो, कुवेतवाल्यांना ॲपचा खरा उपयोग होऊ शकेल. बाकीच्यांनी डॉलर-रुपयाचे जुने भाव फुकट बघावे आणि भागाकार-गुणाकार करावा. अमेरिकेतल्या सेंट लुईस फेडची (तिथल्या मध्यवर्ती बँकेची एक शाखा) फ्रेड म्हणून साइट आहे, तिथे डॉलर-रुपयाचे रोजचे आकडे १९७३ पासून मिळतात, एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात, पैसा लागत नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँक रोजचा रेफरन्स रेट द्यायची, जुलै २०१८ पासून ते काम एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) या कंपनीकडे गेलं.

शनिवार-रविवारची पण गंमत आहे. ॲप दोन्ही दिवस शुक्रवारचाच रेट चिकटवतं. पण मस्कतला २०१३ पर्यंत सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची, अण्णांचे निम्मे ड्राफ्ट शनिवारी काढलेले, एक्स्चेंजवाल्याने त्या दिवशी स्वतःच्या अंदाजाने भाव लावलेला. हा भाव जगातल्या कुठल्याच ॲपमध्ये मिळणार नाही. एकूणच जो आकडा ॲप दाखवतं तो मोठ्या बँकांच्या आपापसातल्या खरेदी-विक्रीचा मधला भाव असतो, काउंटरवर उभ्या असलेल्या सुताराला तो कधीच मिळत नाही. १९९२ चं ते दोन भावांचं वर्ष आणि जानेवारी १९८६ च्या आधीचा काळ सोडला तर अण्णांचा भाव दर वेळी ॲपपेक्षा रुपया-दीड रुपया कमीच आहे. आणि आमच्या इकडच्या शृंगारतळीच्या बाजारात तेव्हा हुंडीचा, म्हणजे बँकेबाहेरून पैसे पाठवण्याचा, भाव कानोकानी फिरायचा तो तिसराच, त्याची तर डायरीतही नोंद नाही, नसणारच.

चांगलं काय ते पण सांगते, नाहीतर म्हणाल नुसती रडते. अलर्ट मस्त आहे. पुतण्या सध्या ओमानातच सोहारला आहे, त्याला मी लावून दिला, ठरवलेल्या भावाला फोन वाजतो. पण त्याचा मोह होतो हेही खरं. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ च्या वर गेला होता, रियाल जवळजवळ १७९, तेव्हा आमच्या वाडीतल्या पोरांनी तिकडे मित्रांकडून उसने घेऊन पैसे पाठवले होते, आणि दोन महिन्यांत डॉलर ६१-६२ वर आला. ज्यांनी पाठवले ते शहाणे ठरले, ज्यांनी अजून वाढेल म्हणून थांबवले ते अजून बोलून दाखवतात. ग्राफ मोठा करून बघण्याचा दुसरा फायदा म्हणजे रुपया कायम घसरतच आलाय हा आपला लाडका समज जरा सैल होतो. २००२ ला रियाल १२६ च्या आसपास होता, २००७ च्या शेवटी १०२-१०३. अण्णा २००४ ला परत आले तेव्हा त्यांचं शेवटचं सेटलमेंट दोन वर्षांपूर्वीपेक्षा कमी भावाने आलं आणि त्याचं कारण मला हा ग्राफ बघेपर्यंत माहीत नव्हतं.

मागे किती जाता येतं? ॲप १९८० ला थांबतं. त्याआधीचं अण्णांच्या वडिलांच्या काळातलं तर प्रश्नच नाही, ते गलबतावर होते आणि सांगायचे की मस्कतला आपलेच रुपये चालतात. ते खरंच होतं, १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढायची, सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा म्हणून. जून १९६६ ला आपण रुपया ४.७६ वरून ७.५० वर नेला आणि तिकडचे उरलेले एकेक जण सोडून गेले, ओमान सगळ्यात शेवटी, १९७० ला.

इन्कम टॅक्सच्या कामासाठी घेत असाल तर घेऊ नका, तिथे स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट (बँक परकीय चलन विकत घेते तो भाव) लागतो, ॲपचा स्क्रीनशॉट सीए बघणार पण नाही.

माझे स्टार पाचपैकी अडीच. एक दिसण्याला, एक ऑफलाइनला, अर्धा अलर्टला. प्रो बंद करायचं तर ॲपमध्ये बटण शोधू नका, मी तासभर शोधलं, ते प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन करावं लागतं, आणि ॲप नुसतं काढून टाकलं तर पुढच्या वर्षी पैसे परत कापतात.

भाऊकाकांना फोन केला होता. अण्णा म्हणाले तेव्हाचे २५,७५० होतात, वर काय व्याज धरायचं ते तू सांग. काका म्हणाले, "रुपयांचं कोण विचारतंय? मी रियाल दिले होते, रियाल दे." रियाल आता दोनशेच्या वर आहे. अण्णा सध्या डायरी घेऊन पडवीत बसलेत, काही बोलत नाहीत.