रत्नागिरीत भाड्याने घर: वर घ्यावं की खाली?

मावसभावाची बदली झालीय, पावसाच्या आधी रत्नागिरीत येतोय आणि रोज फोन, "दादा, वर घेऊ की खाली?" म्हटलं एकदा नीट लिहूनच काढतो, अजून कोणी येणार असेल तर त्यालाही उपयोग होईल. वर म्हणजे चढावरचं उंच शहर: मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे, कुवारबाव. खाली म्हणजे समुद्राकडचं: मांडवी, घुडेवठार, बाजारपेठेच्या अंगाचं सगळं. भाडं आणि स्क्वेअर फूट एजंट सांगेलच, ते मी सांगत बसत नाही. मी वर चार वर्षं काढली आणि खाली हे सहावं चालू आहे, त्यामुळे माझं पारडं कुठे झुकतंय ते तुम्हाला कळेलच.

वरचं सुख खरं आहे, नाही म्हणणार नाही. लिफ्ट, पार्किंग, स्टेशन जवळ. पहाटेची गाडी पकडायची असली की खालच्या माणसाला रिक्षावाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, वरचा आपला चहा पिऊन निघतो. आणि गंज कमी! हे मोठंच. खाली आल्यावर स्कूटरचा सायलेन्सर दोनदा बदलला, गेटच्या कुलपाला महिन्यातून एकदा खोबरेल पाजावं लागतं, मिठाला तर बाराही महिने पाणी सुटलेलं. पावसाचं विचारू नका, ३ हजार मिलिमीटरच्या वर पडतो तो वर पण पडतो आणि खाली पण, पण खाली खारं वारं त्यात मिसळतं आणि कपडे वाळले असं म्हणायचं ते फक्त मनाच्या समाधानासाठी. विहिरीचं पाणी आमच्याकडे मचूळ, डाळ शिजत नाही त्यात.

मग एवढं असून खाली का आलो? मासळीमुळे. म्हणजे मासळी मिळत नाही म्हणून नाही हां, वर पण मिळते, मिरकरवाड्याहून येते आणि चांगली येते. अडचण खाऊन झाल्यावरची.

बुधवार, शुक्रवार, रविवार आमच्याकडे मासे, आणि कोळंबी असली की तिची सालं. ज्याने कोळंबीची सालं बंद फ्लॅटमध्ये रात्रभर ठेवलीयत त्याला पुढचं सांगायला नको. घंटागाडी येणार दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि आमच्या जिन्यात पाटी, "ओला कचरा रात्री दाराबाहेर ठेवू नये." बरोबरच होतं त्यांचं, मी पण तेच म्हटलं असतं. मग बायकोने शोध लावला, सालं, कल्ले, खवलं सगळं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये. सकाळी डबा घेऊन तीन मजले खाली. तीन वर्षं हेच केलं आम्ही, आणि एकदा मे महिन्यात भाचा आला, दुपारी सगळे झोपलेले, त्याने बटरस्कॉच लिहिलेला डबा बघून चमचा घेतला. तो आज कॉलेजात आहे, अजून आमच्याकडे आइस्क्रीम खात नाही.

खाली आलो त्या पहिल्या रविवारी मी सवयीने डबा शोधत होतो, तर मालकीणबाई मागच्या पडवीतून म्हणाल्या, "अरे, डबा कसला शोधतोस, माडाच्या मुळात पुर की, आणि डोकी तेवढी मांजरीला ठेव." झालं. त्या माडाचे शहाळे आम्हीच पितो.

समुद्राचं म्हणाल तर वरून पण दिसतो, थिबा पॉइंटला उभं राहिलं की भाट्याची खाडी, पूल, पलीकडे समुद्र, फोटो काढायला वरचाच सरस. पण तो बघायचा समुद्र झाला. ब्रह्मदेशातून कैद करून आणलेल्या थिबा राजाला इंग्रजांनी वरच राजवाडा बांधून दिला होता, १९१० पासून १९१६ साली वारेपर्यंत बिचारा तिथेच राहिला, त्याला कोणी विचारलं नव्हतं वर की खाली. मांडवीला कसं, भात लावला कुकरला, तीन शिट्ट्या होईपर्यंत जेट्टीवर एक चक्कर मारून परत. काळ्या वाळूत पाय पण घालायचे नाहीत, नुसतं वारं खायचं. वर असताना समुद्रावर जायचं म्हणजे स्कूटर, पेट्रोल, आणि "रविवारी बघू". चार वर्षांत किती रविवार बघितले ते मोजले नाहीत.

घरात लहान मूल असेल, दमा असेल किंवा नोकरी एमआयडीसीकडे असेल तर वरच घ्या, उगाच माझ्या नादी लागू नका. शाकाहारी असाल तर माझा अर्धा मुद्दा तसाही बाद. बाकीच्यांनी एवढं करा, खालचं घर बघायला जाल तेव्हा हॉल-बेडरूम नंतर बघा, आधी मागचं दार उघडून बघा, माड आहे का, आणि मांजर आहे का विचारा. नसेल तर आमच्याकडे सध्या तीन आहेत, एक घेऊन जा.