जुनी स्टीलची रोड सायकल, नवी चाकं : इंदुरातल्या आठ महिन्यांनंतर

फ्रेम जुनी स्टीलची, मागचा गाळा (मागचं चाक बसतं ती फट) १२६ मिमी, चाकं २७ × १¼ आणि रिम क्रोमच्या लोखंडी. अशी सायकल घरात असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर गिअर राहू द्या, आधी चाकं बदला. ओल्या क्रोमवर ब्रेकचे गट्टे धरतच नाहीत. राजवाड्याच्या गर्दीत पावसात हे जिवावर बेतू शकतं. ॲल्युमिनियमच्या रिमवर अख्खा पावसाळा निर्धास्त गेला.

टायर बसतो तिथे २७ इंची रिमचा व्यास ६३० मिमी, नव्या ७००सीचा (आजच्या रोड सायकलींचं नेहमीचं माप) ६२२. म्हणजे गट्टे ४ मिमी खाली यायला हवेत. ब्रेकच्या बोल्टपासून नव्या रिमच्या कडेपर्यंतचं अंतर ४७ ते ५७ मिमी असेल तर लांब हाताचा ड्युअल पिव्हट (दोन खिळींवर फिरणारा) ब्रेक बसतो. नव्या ब्रेकचं नट फ्रेमच्या आत जातं, जुन्या फ्रेमला तेवढं भोक नसतं. म्हणून लांब बोल्टचा पुढचा ब्रेक साध्या नटाने मागे लावला, मागचा पुढे. फोर्कचं (पुढच्या चाकाच्या चिमट्याचं) फक्त मागच्या बाजूचं भोक ८ मिमी केलं. त्याच ४ मिमीमुळे मडगार्डला जागा झाली, नाहीतर माळव्याची काळी माती चाक जाम करते.

मागे १३० मिमीचं कॅसेट हब आहे, म्हणजे दातेरी चकत्या हबच्याच फिरत्या भागावर सरकवून बसतात. जुन्या, स्क्रूच्या फ्रीव्हीलवाल्या (चकत्यांचा अख्खा गठ्ठा आट्यांवर फिरवून बसवायच्या) हबमध्ये उजवं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे खड्ड्यांत एक्सल वाकतो. १२६ च्या गाळ्यात हे हब हाताने फाकवूनही बसतं, पण ड्रॉपआउट (एक्सल अडकतो त्या फ्रेमच्या खाचा) समांतर राहत नाहीत. त्यामुळे दोन्ही बाजू २-२ मिमी कायमच्या उघडून ड्रॉपआउट सरळ करून घेतले. मग एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणला; सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर सारखं आलं पाहिजे. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग अजिबात नको, ती तडकते.

तक्रारी दोन. मागच्या चाकाचे डावे स्पोक पहिल्या २०० किमीतच ढिले पडले. त्या बाजूला ताण मुळातच कमी असतो, म्हणून तेवढ्या अंतरानंतर चाक पुन्हा कसून घ्याच. नंतर ते हललेलं नाही. जुन्या फ्रिक्शन लिव्हरवर (टप्पे नसलेल्या गिअरच्या दांडीवर) ८ गिअर मात्र छान चालतात.

दुसरी तक्रार सिमरोल घाटाची. पुढे ४२, मागे २८ दात तिथे जड जातात, आणि जुना डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) २८ च्या वर घेत नाही. छोटी चेनरिंग (पुढची दातेरी चकती) घ्यायची तर आधी ती ज्या बोल्टांनी बसते त्यांच्या वर्तुळाचा व्यास मोजा; १३० मिमीवर ३८ दातांहून लहान बसत नाही.