पेटीवाल्याने केलेला ऑनलाइन पियानो कोर्स

वीस वर्षं भजनात पेटी वाजवतोय, पण डिमिनिश्ड कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम दाबायचे सूर) म्हटलं की हात आखडायचा. म्हणून हा रेकॉर्डेड कोर्स घेतला. पहिले चार धडे मी पळवतच पाहिले. पाचव्याने मात्र पैसे वसूल केले. काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून मध्ये दोन-दोन पट्ट्या सोडत चार सूर धरायचे: सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध. झाली डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्ड! यातल्या कुठल्याही सुरापासून सुरू करा, तेच चार सूर येतात. म्हणजे बारा सुरांत अशा कॉर्ड फक्त ३. मी उगाच १२ पाठ करत बसलो होतो.

मग नी, रे, म, कोमल ध ही अशीच एक कॉर्ड एकदम दाबून सा-ग-प वर उतरवलं. नी वर सरकून सा, म खाली ग वर, कोमल ध प वर. आतल्या खोलीतून बायको म्हणाली, "हां, आता बरं वाटलं."

तक्रार एकच: कॅमेरा सरांच्या चेहऱ्यावर जास्त, डावा हात निम्मा वेळ चौकटीबाहेर. त्याबद्दल मेल केला, उत्तर नाही. रेटिंगमधला एक तारा तिथेच कापला.