पॅसिफिको फॉन्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डिझायनर व्हर्नन ॲडम्स यांचा २०११ चा पॅसिफिको हा ब्रशच्या वळणाचा रोमन फॉन्ट मोफत मिळतो, म्हणूनच तो जिथे-तिथे दिसतो. लोगो, लेबलं, स्टिकर, वेबसाइटचे मथळे अशा कामांत आठ महिने वापरल्यावरचं मत: दोन-तीन शब्दांना झकास, त्यापुढे डोकेदुखी.

सगळी मजा अक्षरांच्या जोडात आहे. एका अक्षराची शेपटी पुढच्याच्या अंगावर चढते, म्हणून शब्द एका दमात ब्रशने ओढल्यासारखा वाटतो. ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर) शून्यावरून वर गेलं की जोड सुटायला लागतात. फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये कर्निंग (अक्षरांच्या जोडीजोडीतलं अंतर) ‘ऑप्टिकल’वर असेल तर ‘मेट्रिक्स’वर आणा, ऑप्टिकल फॉन्टमधलं मोजमाप बाजूला ठेवून स्वतःच्या अंदाजाने अक्षरं सरकवतं. वेबवर फट दिसली तर आधी थीम तपासा. मथळ्यांना सरसकट लेटर-स्पेसिंग लावलेलं सापडतं.

वजन, म्हणजे अक्षरांची जाडी, एकच आहे. बोल्ड मागितलं की सॉफ्टवेअर कडा फुगवून खोटं बोल्ड करतं आणि स्मॉल ‘ई’, ‘ए’ यांची पोटं बुजतात. ब्राउझरमध्ये मथळ्याचे टॅग मुळातच बोल्ड असतात, त्यामुळे हे न मागताच घडतं. फॉन्ट-वेट ४००, म्हणजे साधी जाडी, स्पष्ट लिहा. सगळी अक्षरं कॅपिटल तर कधीच नकोत. ही कॅपिटलं शब्दाच्या सुरुवातीला शोभतात, शेजारी-शेजारी बसवली की भांडतात.

खरा घोळ स्टिकर कापताना होतो. पडद्यावर शब्द अखंड दिसतो, पण प्रत्येक अक्षर ही वेगळी बंद आकृती असते. प्लॉटरची (स्टिकर कापायच्या मशीनची) सुरी प्रत्येक आकृतीची पूर्ण कड कापते, त्यामुळे जोडाच्या जागी बारीक चकत्या पडतात आणि व्हायनल (स्टिकरचा प्लास्टिक कागद) उचलताना अक्षरं सुटी होतात. इलस्ट्रेटरमध्ये आधी क्रिएट आउटलाइन्स (मजकुराचे आकार होतात), मग पाथफाइंडरमधलं युनाइट (आकार एक होतात), आणि आउटलाइन व्ह्यूमध्ये एकदा नजर: जोडात आडवी रेघ उरली असेल तर काम अर्धवट आहे. शब्दाला बाहेरून रंगीत कड द्यायची असली तरी क्रम हाच, नाहीतर कड जोडांवरही उमटते. मूळ मजकुराची फाइल वेगळी ठेवा. आउटलाइन केल्यावर स्पेलिंग सुधारता येत नाही.

देवनागरी यात नाही. मराठी मजकूर टाकला तर प्रोग्राम गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो. सोबत मराठी ओळ हवीच असेल तर बलू २ हा देवनागरी फॉन्ट बरा, कारण त्याचाही गोलावा जाडसर आहे. मात्र दोघांच्या आकाराचा आकडा सारखा ठेवून भागत नाही: देवनागरी शिरोरेषेला लटकते, रोमन खालच्या रेषेवर बसतं. आकार डोळ्यांनीच जुळवावा लागतो.

दोन ओळींचा मथळा असेल तर वरच्या ओळीतल्या ‘जी’, ‘वाय’च्या शेपट्या खालच्या ‘एच’, ‘एल’वर आपटतात. ओळीतलं अंतर वाढवण्याआधी ओळ दुसऱ्या शब्दावर तोडून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं.

लायसन्स ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे लोगो, छापील माल, विक्री सगळं चालतं. फक्त फॉन्टची फाइल सुटी विकायची नाही. लोगोसाठी घेतलाच तर निदान पहिलं अक्षर हाताने बदला, हा चेहरा लोक लगेच ओळखतात.