कर्नल बदलला आणि नेटवर्क गेलं: जुन्यावर परतायचं की नव्यावरच दुरुस्त करायचं?

लिनक्स सर्व्हरचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, अपग्रेड केला. सर्व्हर रीबूट झाला, कन्सोलवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पडद्यावर, लॉगिन दिसतंय, पण नेटवर्कवरून केलेल्या पिंगला उत्तर नाही. आता दोन वाटा. ग्रबच्या, म्हणजे बूट होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूतून जुना कर्नल निवडून आधी सेवा चालू करायची, नाहीतर नव्या कर्नलवरच बसून बिघाड शोधायचा. काही जण कायम मागे फिरतात, काही जण हट्टाने रात्रभर झुंजतात. माझं मत असं, की बिघाडाची जात ओळखायला पाच मिनिटं द्यावीत आणि मगच वाट ठरवावी.

दोन्ही वाटांना कन्सोल मात्र लागतोच. सर्व्हरचा पडदा दुरून दाखवणारे आयड्रॅक असो, आयएलओ असो किंवा सिरियल केबलवरचा कन्सोल. सर्व्हर ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये, तुम्ही नाशकात आणि कन्सोल नाही, असं असेल तर तिथल्या माणसाला फोन करून कीबोर्ड जोडायला सांगणं एवढंच उरतं. तेव्हा अपग्रेडच्या आधी कन्सोलचा पासवर्ड चालतो का ते पाहाच.

लॉगिन झाल्यावर पहिली आज्ञा 'आयपी लिंक', ती नेटवर्क कार्डांची यादी दाखवते. कार्ड दुसऱ्याच नावाने दिसतं, मुळीच दिसत नाही, किंवा दिसतं पण वाहतूक अडकते, यांपैकी एक काहीतरी समोर येईल.

नाव बदललं असेल तर: नव्यावरच थांबा

लिनक्समध्ये सेवा चालू करणाऱ्या सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, कार्डाचं नाव त्याच्या पीसीआय जागेवरून, म्हणजे ते कुठल्या स्लॉटमध्ये आहे त्यावरून, ठरतं. ही नावं स्थिर राहावीत म्हणून आली, पण नवा कर्नल कार्डाबद्दल जास्त माहिती देऊ लागला की नाव पुन्हा बदलतं. व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सच्या ७ वरून ८ वर जाताना 'ईएनपी६५एस०एफ०' चं 'ईएनपी६५एस०एफ०एनपी०' होऊ शकतं. नेटवर्कची मांडणी लिहिलेल्या इंटरफेसेस फाइलमध्ये जुनं नाव तसंच राहतं, ब्रिजला (व्हर्च्युअल मशिन कार्डाशी जोडणाऱ्या आभासी स्विचला) पोर्ट सापडत नाही आणि त्यावरच्या सगळ्या व्हर्च्युअल मशिन एकदम बाहेर पडतात. बिघाड केवढा मोठा वाटतो, आणि दुरुस्ती काय, तर फाइलमधलं नाव बदलून नेटवर्क पुन्हा चालू करणं.

इथे जुन्या कर्नलवर गेलात तर पुढच्या अपग्रेडला तेच पुन्हा होईल. शिवाय पूर्ण डिस्ट्रिब्युशनच अपग्रेड झालं असेल तर सिस्टमडीही नवं असतं. नाव तेही ठरवतं, त्यामुळे नुसता कर्नल मागे नेऊन जुनं नाव परत येईलच असं नाही.

कायमच्या उपायातही निवड आहे. बूटच्या ओळीत 'नेट.आयएफनेम्स=०' टाकलं की जुनी 'ईटीएच०', 'ईटीएच१' अशी नावं परत येतात. एकच कार्ड असेल तर हे चालून जातं. दोन-चार कार्डं असतील तर मी हे कधीच करणार नाही, कारण ड्रायव्हर ज्या क्रमाने कार्ड शोधेल त्या क्रमाने नंबर पडतो. आज लॅनचं कार्ड शून्य, उद्या तेच एक. त्यापेक्षा मॅक पत्त्यावर, म्हणजे कार्डाच्या हार्डवेअर क्रमांकावर, बांधलेली डॉट-लिंक फाइल (कार्डाचं नाव ठरवणारी सिस्टमडीची फाइल) भरवशाची. त्यात 'लॅन०' सारखं स्वतःचं नाव द्या. 'ईटीएच०' देऊ नका, ते कर्नल स्वतःच वाटत असतो. ब्रिज आणि व्हीलॅन (एकाच कार्डावरची वेगळी आभासी नेटवर्कं) बऱ्याचदा तोच मॅक घेतात, म्हणून कायमस्वरूपी मॅकची अट लिहा. मग इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टम, पुन्हा बनवा. हे राहून गेलं तर बूटच्या सुरुवातीलाच जुन्या नियमाने नाव पडतं. व्हर्च्युअल मशिनचा क्लोन काढलात तर मॅक बदलतो आणि ही फाइल लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

कार्डच दिसत नसेल तर: मागे फिरा

हार्डवेअरची यादी देणाऱ्या 'एलएसपीसीआय -के' मध्ये कार्ड आहे, पण त्याच्यापुढे ड्रायव्हरचं नाव नाही. इथे झुंजण्यात अर्थ नाही, कारण दुरुस्तीला लागणारं पॅकेज नेटवर्कवरून यायचं असतं आणि तेच तर गेलंय. जुन्या कर्नलवर बूट करा, सेवा चालू होऊ द्या आणि तिथून शांतपणे कारण शोधा.

कारणं बहुधा ओळखीचीच असतात. रिअलटेकचा आर८१६८ सारखा बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएसने (बाहेरचे ड्रायव्हर कर्नलनुसार बांधणाऱ्या यंत्रणेने) प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. नव्या कर्नलचं हेडर पॅकेजच (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) नसेल तर तो बांधलाच जात नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे असा ड्रायव्हर, कर्नल नाकारतो. उबुंटूत काही ड्रायव्हर 'मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. डेबियन १२ पासून फर्मवेअरला (कार्डात भरायच्या सॉफ्टवेअरला) वेगळा विभाग आहे. तो पॅकेजं कुठून घ्यायची त्या सोर्सेसच्या यादीत जोडला नसेल तर नवं फर्मवेअर येत नाही.

वाहतूक अडकत असेल तर: आधी एक प्रयोग

इंटेलच्या आय२१९ कार्डावर ई१०००ई ड्रायव्हर 'हार्डवेअर युनिट हँग' अशी तक्रार लॉगमध्ये टाकतो आणि नेटवर्क थोड्या थोड्या वेळाने मरतं. कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या 'ईथटूल' ने टीएसओ आणि जीएसओ (पाठवायच्या डेटाचे तुकडे पाडण्याचं काम पुढे ढकलणाऱ्या सोयी) बंद करून पाहा. थांबलं तर नव्या कर्नलवरच राहा. प्रोसेसरवर थोडं काम वाढतं, गिगाबिट कार्डाला ते सोसतं. नाही थांबलं तर परत जा.

परत गेलात तर मुदत ठरवा

जुन्या कर्नलवर राहण्याची किंमत लगेच दिसत नाही. 'डर्टी पाइप' हा सुरक्षेचा दोष कर्नल ५.८ मध्ये शिरला आणि २०२२ मध्ये ५.१०.१०२, ५.१५.२५ आणि ५.१६.११ मध्ये दुरुस्त झाला. त्याने साध्या युजरला रूटपर्यंत, म्हणजे पूर्ण अधिकारांपर्यंत, पोचता येत होतं. नेटवर्कच्या भीतीने आधीच्या ५.१० ला अडकवून ठेवलेला सर्व्हर या दोषासकट चालू राहिला असता. कर्नल 'होल्ड' किंवा 'पिन' करा, म्हणजे त्याच आवृत्तीवर रोखून ठेवा, पण तो कधी काढायचा ती तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

पुढच्या अपग्रेडला मी सुचवेन ते असं: ग्रबमध्ये जुना कर्नल डीफॉल्ट ठेवा आणि नवा 'ग्रब-रीबूट' ने फक्त एका बूटपुरता निवडा. सोबत एक छोटी स्क्रिप्ट लावा. दहा मिनिटांत गेटवेचं (नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरचं) उत्तर आलं नाही तर तिने मशिन रीबूट करायची, म्हणजे मशिन आपोआप जुन्यावर परत येतं. मात्र बूट विभाग एलव्हीएम किंवा सॉफ्टवेअर रेडवर (डिस्कची जागा एकत्र करणाऱ्या मांडणीवर) असेल तर ग्रबला एका बूटपुरत्या निवडीची ही नोंद पुसता येत नाही आणि मशिन दर वेळी नव्यावरच उठतं. म्हणून कन्सोल समोर उघडा असताना हे एकदा करून बघा.